हसूरचंपूचे डॉ. घाटगे आणि विमानातली तार : आकाशात शॉर्टसर्किट झाले तर? वाचा सविस्तर

हातकणंगले : गळीत हंगाम सुरू झाला की तालुक्याच्या बातम्यांत एक ओळ हमखास येते. शॉर्टसर्किटमुळे उसाला आग. लोंबकळणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासतात, ठिणगी पाचटावर पडते आणि तोडणीला आलेला फड बघता बघता जातो. इचलकरंजीच्या यंत्रमाग शेडमध्ये हेच सुताच्या धुळीवर होते. कारण तेच, फक्त पेटणारी वस्तू वेगळी.

जमिनीवर निदान डीपीवरचा फ्यूज काढता येतो, बंब बोलावता येतो, माणसांना रस्त्यावर पळता येते. प्रवासी विमान दहा हजार मीटरवर असताना यातले काहीच करता येत नाही. म्हणूनच विमानातल्या प्रत्येक तारेला नियम आहे. ती किती जाड असावी, कशाजवळून जाऊ नये, पेटली तर किती सेकंदांत आपोआप विझावी, हे सगळे लिहून ठेवलेले आहे.

हे नियम बहुतेक परदेशात लिहिले गेले. पण विमान उडण्याआधी त्याचा कागद न कागद नियमाला लावून पाहण्याची सवय भारतात ज्यांच्या काळात रुजली, ते कोल्हापूर जिल्ह्यातलेच होते. गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावचे डॉ. विष्णू माधव घाटगे. भारतात आराखडा करून भारतातच बांधलेल्या एचटी-२ या विमानाचे ते मुख्य रचनाकार. जिल्ह्यात कुस्तीगीर आणि सिनेमावाल्यांची नावे पोराटोरांना पाठ असतात, हे नाव मात्र अनेकांनी ऐकलेलेही नसते.

कोण होते डॉ. घाटगे?

जन्म २४ ऑक्टोबर १९०८. तेव्हा कोल्हापूर संस्थानावर राजर्षी शाहू महाराजांचा कारभार होता आणि राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला जेमतेम पाच वर्षे झाली होती. भारतात विमान टपाल घेऊन पहिल्यांदा उडाले ते फेब्रुवारी १९११ मध्ये, अलाहाबादहून नैनीला. म्हणजे घाटगे चालायला-बोलायला लागले तेव्हा विमान ही जत्रेत दाखवायची गोष्ट होती. त्यातून कुणाचे पोट भरेल, असे कुणाला वाटण्याचे कारण नव्हते.

पुणे आणि मुंबईत विज्ञानाचे शिक्षण घेऊन ते १९३३ मध्ये जर्मनीला, गॉटिंगेन विद्यापीठात गेले. हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि गॉटिंगेनचे नाव जगभर नेणारे कितीतरी ज्यू प्राध्यापक काही महिन्यांत विद्यापीठाबाहेर पडले. अशा वातावरणात घाटगे यांनी लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केले. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घालणारा माणूस. वाहती हवा पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून कशी वागते, याचा सिद्धांत त्यांनी १९०४ मध्ये मांडला होता आणि आजही विमानशास्त्राचा अभ्यास त्याशिवाय पुढे सरकत नाही. १९३६ मध्ये घाटगे यांना डॉक्टरेट मिळाली.

पदवी घेऊन ते परतले, पण देशात विमान बनवणारा एकही कारखाना नव्हता. उड्डाण क्लब होते, टाटांची टपालसेवा होती, दुरुस्तीच्या शेड होत्या. विमाने मात्र सगळी बाहेरची. विमानशास्त्रातल्या डॉक्टरला इथे काम काय द्यायचे, हा प्रश्नच होता.

बंगळूरचा कारखाना

उत्तर आले सोलापूरच्या माणसाकडून. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारला सोबत घेऊन डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. आजच्या एचएएलची ती सुरुवात. घाटगे तिथे दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एका ग्लायडरचा आराखडा केला.

युद्ध तापले तसे चित्र बदलले. कारखाना सरकारच्या आणि नंतर अमेरिकन हवाई दलाच्या कामाला जुंपला गेला. नवे विमान बनवणे मागे पडले आणि बाहेरची विमाने दुरुस्त करणे हेच काम उरले. याच काळात, १९४२ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला आणि तो उभा करण्याची जबाबदारी घाटगे यांच्यावर आली. गॉटिंगेनला शिकलेले आता ते बंगळूरला शिकवू लागले. विमान कारखान्याला लागणारे अभियंते देशातच तयार व्हायला सुरुवात झाली ती इथून.

दुरुस्तीच्या कामाला कमी लेखू नये. दुसऱ्याचे विमान उघडून पुन्हा जोडताना जे कळते, ते पुस्तकात नसते. युद्ध संपल्यावर हिंदुस्थान एअरक्राफ्टने लष्करी डकोटा विमानांचे प्रवासी विमानांत रूपांतर करून दिले. कानपूरला पडून असलेली अमेरिकन लिबरेटर बॉम्बफेकी विमानेही याच कारखान्याने पुन्हा उडती केली. ती मुद्दाम निकामी केलेली होती, इंजिनांत वाळूही ओतलेली होती. तरी त्यातली चाळीसच्या आसपास विमाने दुरुस्त झाली आणि १९६८ पर्यंत हवाई दलात राहिली.

अशा विमानात सगळ्यात फसवी गोष्ट असते तार. इंजिनातली वाळू दिसते, फुटलेले मीटर दिसते. पत्र्यामागून गेलेल्या तारेचे वेष्टण कुठे सोलले आहे, ते दिसत नाही. ते कळते बॅटरी जोडल्यावर, धूर आला की.

तार पेटते कशी?

घरात दोन तारा असतात, फेज आणि न्यूट्रल. धातूच्या विमानात बहुतेक ठिकाणी एकच तार उपकरणापर्यंत नेतात. परतीचा रस्ता म्हणजे विमानाचा धातूचा सांगाडाच. मोटारसायकलची बॅटरी पाहिली असेल तर कळेल, एक टोक चेसिसला जोडलेले असते. यामुळे वजन वाचते. पण याचा दुसरा अर्थ असा की विमानाचा सगळा सांगाडा वीज परत नेणारा भाग असतो. तारेचे वेष्टण कुठेही घासून उघडे पडले आणि तांबे पत्र्याला टेकले की तिथेच शॉर्टसर्किट.

आणि विमानात घासणे कधी थांबत नाही. इंजिनाची थरथर, धावपट्टीचे हिसके, वर उणे ५० अंशांच्या आसपासची थंडी आणि खाली उतरल्यावर मुंबईचा दमटपणा, हे सगळे तारा रोज सोसतात. तारांच्या जुडग्यावर दुरुस्तीच्या वेळी पडलेला धातूचा कीस, हायड्रॉलिक तेलाचा थेंब, पॅन्ट्रीतून झिरपलेला चहा, साठत गेलेला धुळीचा थर, यातले काहीही ठिणगीला पुरते.

त्यातही एक खोच आहे. पूर्ण शॉर्ट झाला तर प्रवाह एकदम वाढतो आणि सर्किट ब्रेकर पडतो. पण वेष्टणाला बारीक भेग असेल तर ठिणगी क्षणभर उडते, थांबते, पुन्हा उडते. सरासरी प्रवाह फारसा वाढत नाही. ब्रेकरला काही झाल्याचे कळतच नाही. ठिणगीच्या जागी मात्र तापमान हजार अंशांच्या पुढे गेलेले असते. शेतातल्या तारा वाऱ्याने एकमेकींना लागून सुटतात तेव्हा डीपीचा फ्यूज दर वेळी उडतोच असे नाही. हा प्रकार त्याचाच भाऊबंद.

एका अपघाताने घातलेली ठेच

घाटगे बंगळूरला होते त्याच काळातली, ११ जुलै १९४६ ची गोष्ट. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रीडिंगजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान प्रशिक्षणासाठी उडाले होते. आत सहा जण. उड्डाणानंतर विमानात धूर भरला. इतका, की वैमानिकांना समोरची उपकरणे दिसेनात. विमान पडले, पाच जण गेले.

तपासात कारण सापडले ते बोटाएवढ्या भागात. जनरेटरची जाड तार विमानाच्या पत्र्यातून आरपार जाते तिथे एक जोडखिळा असतो. तो नीट वेगळा न राहिल्याने तिथे ठिणग्या उडत राहिल्या आणि शेजारचे आवरण पेटले. जगातल्या सगळ्यात देखण्या मानल्या जाणाऱ्या त्या विमानांना महिन्याहून अधिक काळ जमिनीवर बसवण्यात आले. रचनेत बदल झाल्यावरच ती पुन्हा उडाली.

भारताशी याचा संबंध असा, की दोनच वर्षांनी, ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलने मुंबई-लंडन सेवा सुरू केली ती याच कॉन्स्टेलेशनने. मलबार प्रिन्सेस हे त्या विमानाचे नाव. त्या प्रवाशांना जे सुधारलेले विमान मिळाले, त्यामागे रीडिंगचे पाच मृत्यू होते. विमान क्षेत्रातले बहुतेक नियम असेच आले आहेत.

एचटी-२ : सगळे आपले, म्हणून जबाबदारीही आपली

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठी विमान हवे होते. तोवर शिकणारी पोरे टायगर मॉथवर हात बसवत. लाकूड, कापड आणि तारांचे ताण यांवर उभे असलेले ते जुने दुपंखी विमान. घाटगे यांच्या हाताखालच्या गटाने त्याच्या जागी संपूर्ण धातूचे, एकाच पंखाच्या जोडीचे, पुढे-मागे दोन बैठकांचे विमान आखले. ऑगस्ट १९५१ मध्ये जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने ते पहिल्यांदा उडवले.

लाकडाकडून धातूकडे जाणे म्हणजे नुसता कच्चा माल बदलणे नव्हे. तारेच्या दृष्टीने तर सगळे गणितच बदलते. लाकडी सांगाड्याला उघडी तार टेकली तर फारसे बिघडत नाही. धातूच्या सांगाड्यात तोच शॉर्ट. प्रशिक्षणाच्या छोट्या विमानात इंजिन, पेट्रोलची टाकी आणि वैमानिकाचे पाय हे तिन्ही काही फुटांत असतात. इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये आग अडवणारी धातूची भिंत असते. त्या भिंतीला तारांसाठी भोके पाडावीच लागतात आणि प्रत्येक भोक म्हणजे आगीला एक वाट. म्हणून भोकाच्या कडेला तार घासू नये यासाठी कडी, आणि ज्वाला पलीकडे जाऊ नये यासाठी भरण. इंधनाच्या नळीखालून तार नेणे चालते, असे नवख्याला वाटते. ते उलटे आहे. नळी गळली तर थेंब खाली पडतो, म्हणून तार वरून न्यायची आणि तीही अंतर राखून.

विमानाचे सुटे धातूचे भागही एकमेकांना लवचिक पट्ट्यांनी जोडलेले असतात. उडताना हवेच्या घर्षणाने वीज साठते. ती एका भागातून दुसऱ्यात उडी मारून जाऊ नये, सरळ वाहून जावी, हा त्यामागचा हेतू.

परदेशी विमान विकत घेतले की या सगळ्याची खात्री बनवणारा देश देतो. आराखडा आपला असेल तर ती आपणच द्यायची. तारेचा नकाशा, तिच्यावरचा भार, ब्रेकरचा आकार, चाचण्यांच्या नोंदी, हे सगळे तपासणाऱ्या यंत्रणेपुढे ठेवायचे. शंका आली की पुन्हा चाचणी. मुख्य रचनाकाराने पंखांचे गणित कितीही चोख केले तरी सही सगळ्या विमानाखाली लागते. त्या काळच्या भारतात हे काम पूर्वी कुणी केलेले नव्हते, त्यामुळे विचारायला माणूसही नव्हता. एचटी-२ चे खरे मोल इथे आहे. नुसते पहिले विमान म्हणून ते मोजणे म्हणजे निम्मेच मोजणे.

एचटी-२ दीडशेहून अधिक संख्येने बांधले गेले. हवाई दलाच्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या त्यावर शिकल्या. आफ्रिकेतल्या घाना देशानेही काही विमाने घेतली.

पुष्पक, कृषक, किरण

पुढची विमाने झपाट्याने आली. १९५८ मध्ये पुष्पक उडाले. उड्डाण क्लबांसाठीचे हे दोन आसनी हलके विमान, नागरी वैमानिक घडवणारे. त्यापाठोपाठ कृषक. दरम्यान जर्मन रचनाकार कुर्ट टँक बंगळूरला आले आणि मरुत या लढाऊ विमानाचा गाजावाजा झाला, तो रास्तही होता. पण त्याच आवारात घाटगे यांचा गट जेट प्रशिक्षण विमानावर काम करत होता. ते किरण. ४ सप्टेंबर १९६४ ला ते पहिल्यांदा उडाले.

एचटी-२ ते किरण हे अंतर तेरा वर्षांचे. जेट इंजिन, हवाबंद कॉकपिट, वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची, जास्त रेडिओ, जास्त उपकरणे. म्हणजेच जास्त तारा आणि त्या दडवायला कमी जागा. हवाबंद कॉकपिटमध्ये धुराचा प्रश्नही वेगळा असतो. काच सरकवून धूर बाहेर सोडणे तिथे जमत नाही. कोल्हापूरकरांनी हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरती टीव्हीवर पाहिल्या असतील. १९९६ मध्ये ते पथक सुरू झाले ते किरणच्याच पुढच्या आवृत्तीवर आणि नावातला किरण हाच.

१९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने पुरस्कार देते. डिसेंबर १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. वय ८३.

त्यांच्या पश्चात नियम का बदलले?

तारांबद्दलचे आजचे सगळ्यात कडक नियम घाटगे गेल्यानंतरचे आहेत. तोवर तार ही विमानात बसवून विसरायची गोष्ट मानली जाई. इंजिन ठरलेल्या तासांनी उघडत, चाके बदलत. तार विमानासोबत म्हातारी होई.

१७ जुलै १९९६ ला न्यूयॉर्कहून निघालेले टीडब्ल्यूएचे बोइंग ७४७ समुद्रावर फुटले. २३० जण ठार. मधल्या, जवळपास रिकाम्या टाकीतल्या इंधनाच्या वाफेचा स्फोट झाला होता. टाकीबाहेर शॉर्टसर्किट होऊन, इंधन मोजणाऱ्या तारेतून जादा दाबाची वीज आत गेली असावी, हे सर्वांत संभवनीय कारण तपासात निघाले.

२ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअरचे एमडी-११ विमान कॅनडाच्या हॅलिफॅक्सजवळ समुद्रात कोसळले. २२९ जण ठार. वैमानिकांना पहिला वास आल्यापासून शेवटापर्यंत साधारण २० मिनिटे गेली. कॅनडाच्या तपास मंडळाने चार वर्षांहून अधिक काळ तुकडे जोडले. कॉकपिटच्या छतामागे तारांमध्ये ठिणगी उडाली होती. त्यातली किमान एक तार प्रवाशांच्या करमणुकीच्या पडद्यांना वीज देणारी होती. आणि ज्या आवरणाने आग अडवायची, त्याचाच पातळ चकचकीत पापुद्रा पेटून आग पसरली. आवरण तेव्हाच्या चाचणीत पास झालेले होते, हे यातले सगळ्यात अस्वस्थ करणारे.

यानंतर अमेरिकेने २००७ मध्ये मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांत तारांसाठी स्वतंत्र प्रकरणच घातले. तारा, जोडण्या, क्लिपा, वेष्टणे हे सगळे मिळून एक यंत्रणा, इंजिनासारखीच, असे त्यात धरले आहे. युरोपनेही तसेच नियम केले. एकाच कामाच्या मुख्य आणि राखीव तारा एकाच जुडग्यातून नेता येत नाहीत, नाहीतर एका आगीत दोन्ही जातील. प्रत्येक तारेवर ओळख लिहिलेली हवी. तपासणीसाठी हात आणि नजर पोहोचली पाहिजे. देखभालीच्या वेळापत्रकात तारांची तपासणी आणि साठलेली धूळ-कचरा काढणे वेगळे नोंदवायचे.

वेष्टणाची चाचणी समजायला सोपी आहे. तार ६० अंशांच्या कोनात ताणून धरतात आणि खालून ३० सेकंद बर्नरची ज्वाला देतात. ज्वाला किमान ९५४ अंश सेल्सिअसची. बर्नर काढल्यावर तार सरासरी ३० सेकंदांच्या आत विझली पाहिजे, जळालेला भाग ३ इंचांपेक्षा जास्त नको आणि वितळून पडलेला थेंब खाली ३ सेकंदांहून जास्त जळता कामा नये. इचलकरंजीच्या शेडमधली वायर या कसोटीला लावून पाहायला हरकत नाही, निकाल काय येईल ते सांगायला नको.

भारतात कोण पाहते?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. भारतात उडणारी मोठी प्रवासी विमाने बहुतांशी बोइंग आणि एअरबसची. त्यांची मूळ मंजुरी अमेरिकेची किंवा युरोपची, ती भारत तपासून मान्य करतो. रोजची देखभाल मात्र इथल्या परवानाधारक अभियंत्यांच्या सहीवर चालते.

काम किती आहे याचा अंदाज हवा असेल, तर एअरबस ए-३८० या महाकाय विमानात सुमारे ५०० किलोमीटर तार असते. हातकणंगल्याहून रेल्वेने मुंबई गाठायला जेवढे अंतर, साधारण तेवढी.

प्रवाशाने काय लक्षात ठेवायचे?

जळका वास आला, सीटजवळचे सॉकेट तापले किंवा पडदा अचानक बंद पडून वास सुटला, तर कर्मचाऱ्याला लगेच सांगायचे. उतरल्यावर बघू, असे म्हणायचे नाही. स्विसएअरच्या विमानातही सुरुवात नुसत्या वासानेच झाली होती. वैमानिकांना पडलेला ब्रेकर पुन्हा पुन्हा वर करण्याची मुभा नसते, त्यामुळे पडदा सुरू करून द्या म्हणून हट्ट धरून उपयोग नाही. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नये, ती हातातल्या बॅगेतच ठेवायची. तिथे ती पेटली तर निदान दिसते आणि विझवता येते. सामानाच्या कप्प्यात कुणाचा हात पोहोचत नाही.